ठराव क्रमांक चाळीस छत्तीस

शिक्केवाल्याचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने पोट आत घ्यावं. एका भिंतीला छापायच्या अक्षरांचे, म्हणजे शिशाच्या खिळ्यांचे खण, दुसऱ्या भिंतीला रबर भाजायचं दाबयंत्र, आणि समोर कामाच्या टेबलावर हातभर रुंदीचा आरसा. आरसा भांग पाडायला नव्हता. शिक्केवाल्याच्या डोक्यावर भांग पाडण्याइतका ऐवज उरलाच नव्हता. शिक्क्याचे खिळे उलटे जुळवावे लागतात आणि ते गिऱ्हाइकाला वाचता येत नाहीत. मग जुळवलेली ओळ आरशासमोर धरायची, म्हणजे अक्षरं सरळ दिसतात आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं. शिक्केवाल्याला स्वतःला आरसा लागत नसे. बत्तीस वर्षं उलटी अक्षरं हाताळून त्याला सरळपेक्षा उलटंच लवकर वाचता येई. "म्हणून तर यांना सरळ सांगितलेलं कळत नाही," असं त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची.

टेबलाशी बसलं की रस्ता पाठीमागे राही. रस्त्यावर जे काही चाललेलं असे ते त्याला आरशात दिसे, आणि या आरशापायीच गेले तेरा महिने त्याला धड झोप नव्हती.

तेरा महिन्यांपूर्वी, भर दुपारी चारच्या सुमाराला, पूल आणि चौक यांच्यामधल्या रस्त्यावर एका फौजदाराला जीपने चिरडलं होतं. फौजदाराला सगळे शिट्टीसाहेब म्हणत. माणूस कधी कुणावर ओरडला नाही, हात उचलला नाही. गळ्यातली शिट्टी फुंकायचा आणि गाडीपुढे जाऊन उभा राहायचा. त्या दुपारी तो असाच एका भरधाव जीपपुढे उभा राहिला. जीप थांबली नाही. उन्हाची वेळ, अर्ध्या दुकानांची फळकुटं ओढलेली, रस्त्यावर धूळ. ज्यांनी पाहिलं त्यांनी एवढंच सांगितलं की जीप पांढरी होती. गावात पांढऱ्या जीपा चाळीस तरी होत्या.

शिक्केवाल्याने शिट्टी ऐकली, मग एक जड आवाज ऐकला, आणि मान वर केली तेव्हा आरशात जीपची मागची बाजू दूर जाताना दिसली. नंबर छत्तीस शून्य चार. म्हणजे दुसऱ्या कुणालाही तो तसा दिसला असता. मराठी तीन उलटला की सहा होतो आणि सहा उलटला की तीन. एकमेकांकडे पाठ करून बसलेली ही जोडी, म्हणून तर भांडणाऱ्यांना आपण छत्तीसचा आकडा म्हणतो, आणि आरशात जाऊनही त्यांचं भांडण मिटत नाही, छत्तीस तो छत्तीसच राहतो. चार आणि शून्य तर कुठूनही बघा, सारखेच. शिक्केवाल्याच्या डोळ्यांनी ते जागच्या जागी फिरवून घेतलं. चाळीस छत्तीस. आणि चाळीस छत्तीस ही जीप कुणाची, हे त्याला वेगळं शोधावं लागलं नाही. गावाबाहेरच्या खाणीचे मालक खडीवाले त्याच जीपमधून रोज याच रस्त्याने जात.

संध्याकाळी चौकीतला हवालदार जबाब लिहायला आला. "तुमची बसायची जागा ही? म्हणजे पाठ रस्त्याकडे?"

"हो," शिक्केवाला म्हणाला.

"मग काही दिसलं नसेल."

"पाठ होती," शिक्केवाला म्हणाला. हवालदाराने तेवढं लिहून सही घेतली. खोटं असं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच शिक्केवाल्याला वर्षभर टोचत राहिलं.

तो भित्रा माणूस होता, हे लपवण्यात अर्थ नाही. काही माणसं शूर असतात, काही भित्री असतात, आणि बरीचशी आपण कोण आहोत ते कळायची वेळच येऊ नये म्हणून देवाला हात जोडतात. त्याच्यावर ती वेळ आली होती. जबाब दिल्यावर दुसऱ्याच दिवशी खडीवाले दुकानात आले होते. त्याच जीपमधून. जीपचा पुढचा लोखंडी दांडा धुऊनपुसून चकचकीत केलेला होता. गाडी बदलली असती तर लोकांनी का बदलली म्हणून विचारलं असतं. खडीवाले तेवढे कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"पावतीवर मारायचा शिक्का करायचाय काका," ते स्टुलावर बसत म्हणाले. आवाज मऊ, जणू आजाऱ्याला भेटायला आलेत. मग त्यांची नजर आरशाकडे गेली. आरशात बाहेर उभी असलेली जीप दिसत होती. ते पाहतच राहिले. "अरेच्चा! आमच्या गाडीचा नंबरच बदलला की. छत्तीस शून्य चार." ते हसले. "तुम्हाला काय दिसतं हो?"

शिक्केवाल्याने डोळे बारीक करून आरशात पाहिलं. "तेच. छत्तीस शून्य चार."

"नाही, तुम्ही उलटं वाचता असं ऐकून आहे."

"खिळ्यांवरचं वाचतो. हाताला सवय. आरशातलं लांबचं नाही जमत आता. डोळे गेले."

"डोळे जपा," खडीवाले म्हणाले. मग उठता उठता, "मुलगी दवाखान्यात औषधं देते ना तुमची? परवा आमच्या मुकादमाला तिनेच गोळ्या बांधून दिल्या. साडेपाचला सुटते, नाही का? याच रस्त्याने येते चालत. मोठा वाईट रस्ता झालाय हो हा."

रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तुमची पाठ होती ना? मग पाठच होती. आपल्याला एकच मुलगी आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकलेलीच राहिली. पण रोज साडेपाच वाजले की शिक्केवाल्याचा हात कामावरून उठे, आणि मुलगी आरशात चौकाकडून येताना दिसेपर्यंत तो पुन्हा खाली येत नसे. शिट्टीसाहेबांची बायको पोस्टात खिडकीवर बसायची. शिक्केवाल्याने तेव्हापासून पोस्टात जाणं सोडलं. तिकिटं लागली तर तो शेजारच्या बुकबाइंडरला आणायला सांगे.

आणि मग नगरपालिकेच्या कारकुनाने ती बातमी आणली.

"ठराव पास झाला शिक्केकाका!" कारकून दारातूनच म्हणाला. हा माणूस कायम धावत आल्यासारखा बोलायचा, कामं मात्र बसल्या जागी करायचा. "पूल ते चौक, हा सगळा तुकडा आता शिट्टीसाहेबांच्या नावाचा. कोपऱ्यावर दगडी पाटी बसणार. दगड खडीवाल्यांनी दिलाय, फुकट! रविवारी समारंभ. तर मला एक शिक्का पाहिजे. वर रस्त्याचं नवं नाव, खाली ठराव क्रमांक. निमंत्रणाच्या पाकिटांवर मारायचा आणि या रस्त्यावरच्या प्रत्येक दारावर नोटीस लागणार, तिच्यावर मारायचा. आणि काका, आज पाहिजे. साहेब माझ्या मानेवर बसलेत."

त्याने कागद पुढे सरकवला. ठराव क्रमांक अठ्ठावीस पंधरा.

शिक्केवाल्याने खिळे उचलायला सुरुवात केली. शिट्टीसाहेबांचं नाव बोटांनी एकेक अक्षर करून उचलताना त्याला घाम फुटला. मेलेल्या माणसाचं नाव लिहिणं वेगळं आणि हातात घेणं वेगळं. प्रत्येक खिळा थंड लागत होता. हे नाव आता आपल्या पत्त्यात येणार, पावतीवर येणार, येणारं प्रत्येक पत्र आधी हे नाव घेऊन येणार, असं काहीबाही त्याच्या डोक्यात चालू होतं. आणि दगड खडीवाल्यांचा! ज्याने मारलं त्याच्याच दगडावर नाव कोरणार. नाव संपलं, खालची ओळ आली, बोटं आकड्यांच्या खणाकडे गेली. कारकून मागे उभा राहून घड्याळ बघत होता.

कागदावर ठसा काढून त्याने पुढे केला. कारकुनाने नाव दोनदा वाचलं, वेलांट्या तपासल्या, "फस्क्लास" म्हणाला आणि सही ठोकली. आकडे त्याने पाहिले नाहीत. आकडे कधी कुणी पाहत नाही, हा शिक्केवाल्याचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता. म्हणून तर आकडे तो स्वतः पाहायचा. त्या दिवशी त्यानेही पाहिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा शिपाई खळीची बादली घेऊन आला आणि शिक्केवाल्याच्या दारावर नोटीस डकवून गेला. शिक्केवाल्याने चहाचा पेला हातात धरून ती वाचली. मग पुन्हा वाचली. सरळ अक्षरं त्याला थोडी उशिराच उमगायची.

ठराव क्रमांक ४०३६.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. याच्या मनात तेरा महिने वसलेलं बोटांत उतरलं होतं. पेला हातातून सुटला. चहा पायावर सांडला तरी त्याला भाजलं नाही. त्याने शेजारचं दार पाहिलं. बुकबाइंडरच्या दारावर तोच शिक्का. पलीकडे न्हाव्याच्या काचेवर तोच. समोरच्या सायकलवाल्याच्या फळीवर, डेअरीच्या खांबावर, जिथवर नजर जाई तिथवर शिट्टीसाहेबांचं नाव आणि त्याखाली चाळीस छत्तीस, चाळीस छत्तीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. त्याने तर सगळ्या गावाला हात दाखवला होता.

तो धावतच नगरपालिकेत गेला. धाप लागल्यामुळे आधी त्याला बोलताच येईना.

"आकडा चुकलाय," तो म्हणाला. "शिक्क्यातला. नोटिसा काढा. मी दुसरा करून देतो, आत्ता, फुकट."

कारकुनाने ठरावाची नक्कल काढून ताडून पाहिली. "चुकलाय खरा." आणि खुशाल हसला. "काका, ठरावाचा नंबर कोण वाचतं? ज्याने ठराव लिहिला त्याच्याही लक्षात नसेल."

"पाकिटं? पाकिटं गेली?"

"दोनशे दहा. काल संध्याकाळीच टाकली पोस्टात. गावातली गावात, सकाळी पोचलीसुद्धा असतील. फक्त खडीवाल्यांचं मी स्वतः नेऊन दिलं, काल रात्रीच. दगड दिलाय त्यांनी, मान नको द्यायला? असे काय बघताय? बसा, पाणी प्या."

शिक्केवाल्याच्या पाचावर धारण बसली. बाकी दोनशे नऊ लोकांसाठी तो आकडा म्हणजे नुसता आकडा होता. ज्याला तो कळणार होता त्याच्याच हातात तो रात्रीपासून होता. आणि तो नुसता जीपचा नंबर नव्हता. या म्हाताऱ्याला आरशातलं व्यवस्थित वाचता येतं, छत्तीस शून्य चार म्हणाला तेव्हा तो तोंडावर खोटं बोलला, हे सगळं त्या चार अंकांत होतं. खडीवाल्यांना दुसरं काही सांगायची गरजच नव्हती.

परत येताना त्याने मनाशी ठरवलं: दुकान बंद करायचं, दवाखान्यात जायचं, मुलीला घ्यायचं, बायकोला घ्यायचं आणि चार दिवस मेहुण्याकडे जाऊन राहायचं. पुढचं पुढे. भिणाऱ्याला बेत फार पटापट सुचतात. पण दुकानाच्या पायरीवर शिट्टीसाहेबांची बायको उभी होती.

"काका, तुमचीच वाट बघतेय. सुट्टी टाकून आले."

तिच्या एका हातात निमंत्रणाचं पाकीट होतं, दुसऱ्या हातात ठरावाची नक्कल. तेरा महिन्यांत तो तिच्यासमोर पहिल्यांदाच उभा राहत होता. ती वाळली होती. त्याने दार उघडलं. त्याने आत या म्हणायची वाट न बघता ती आली आणि स्टुलावर बसली.

"काल पाकिटं माझ्याच खिडकीवर आली," ती म्हणाली. "सगळ्यांवर यांचं नाव. दोनशे नऊ वेळा वाचलं. मग खालचा नंबर बघितला. माझ्याकडे ठरावाची नक्कल आहे, नगरपालिकेच्या साहेबांनी दिली होती. नंबर जुळत नाही."

"चूक झाली वहिनी. घाईत झाली. मी आत्ताच सांगून आलो. दुसरा शिक्का करतो."

"करा. उद्या कुणी म्हणायला नको, की या नंबरचा ठरावच नाही, म्हणजे रस्त्याचं नावही खरं नाही. माझ्या हातात एवढंच राहिलंय काका. माणूस मारणारा सापडला नाही. निदान नाव तरी बरोबर लागू दे."

"हो हो. लगेच." त्याने खण उघडला. घाईत खण तिरका झाला आणि खिळे खाली सांडले. ते वेचायला तो वाकला, आणि वाकलेला असतानाच ती म्हणाली:

"एक विचारू? माझ्याही खिडकीवर अंक चुकतात. घाईत मागचा पुढे होतो, पुढचा मागे. पण तुम्ही चारही अंक वेगळेच घेतलेत. अठ्ठावीस पंधरातला एकही नाही यात. हा आकडा आला कुठून?"

त्याने वर पाहिलं नाही. "दुसऱ्या कुणाच्या कामातला असेल. डोक्यात राहतं कधी कधी."

"कुणाच्या?"

तो खिळे वेचत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि शिक्केवाल्याला जाणवलं की ही बाई आता कामाचं विचारत नाहीये.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. त्याला मान वर करायचीही गरज नव्हती. त्या इंजिनाचा आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता. दार उघडल्याचा आवाज, पायरीवर बूट, आणि मग दुकानातला उजेड कमी झाला.

"अरे वा! वहिनीपण इथेच," खडीवाले म्हणाले. "नमस्कार. रविवारी येताय ना? पाटी पाहिलीत? काळा दगड निवडून काढलाय, शंभर वर्षं काही होणार नाही." त्यांच्याही हातात पाकीट होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि आकड्यावर बोट टेकवलं. "शिक्केकाका, चूक झालीय म्हणे. ठरावाचा नंबर वेगळा आहे म्हणे."

"हो," शिक्केवाला म्हणाला.

"होतं हो. वय झालं. डोळे गेले असं तुम्हीच म्हणाला होतात ना मला?" त्यांनी बोट उचललं नाही. "वहिनींना सांगा की चूक झाली म्हणून. त्यांच्या जिवाला उगाच घोर. नोटिसा मी काढवतो, माझी माणसं येतील आज. तुम्ही फक्त सांगा, चूक झाली." मग तोच मऊ आवाज, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा. "बाकी मुलगी बरी आहे ना? आज साडेपाचलाच सुटणार?"

शिट्टीसाहेबांच्या बायकोने एकदा खडीवाल्यांकडे पाहिलं, एकदा शिक्केवाल्याकडे. तिला काही कळलेलं नव्हतं. पण दोघांपैकी एक जण घाबरलेला आहे एवढं तिला दिसत होतं.

शिक्केवाल्याने खिळे मुठीत घट्ट धरले होते. टोकं हाताला रुतत होती. दोन शब्दांचं काम होतं. चूक झाली. शब्द खरेही होते, जसे तेरा महिन्यांपूर्वी पाठ होती हे शब्द खरे होते. ते म्हणायचे, म्हणजे ही बाई उठून घरी जाईल, हा माणूस उठून खाणीवर जाईल, मुलगी साडेपाचला येईल, आणि रविवारी आपण टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत उभे राहू. त्याला ते शब्द म्हणायचेच होते. त्यासाठीच त्याने तोंड उघडलं.

"आकडा बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय?" खडीवाले म्हणाले.

"वहिनी, ठरावाचा नाही, पण आकडा बरोबर आहे. बाहेर जीप उभी आहे. तिच्यावर बघा."

मग खडीवाले हसले. "काकांना ऊन लागलेलं दिसतंय," ते म्हणाले, पण त्यांच्यासोबत कुणी हसलं नाही. ती उठली होती. पाकीट हातात घेऊन पायरी उतरली आणि जीपच्या मागे जाऊन उभी राहिली. शिक्केवाल्याला आरशात तिचे ओठ हलताना दिसले. ती एकेक अंक वाचत होती, पाकिटावरचा एक, जीपवरचा एक. वाचून झाल्यावर ती रडली नाही, किंचाळली नाही. जीपला वळसा घालून पुढच्या बाजूला गेली आणि लोखंडी दांड्यासमोर उभी राहिली.

"बाजूला व्हा वहिनी," खडीवाले एव्हाना गाडीत जाऊन बसले होते. इंजिन सुरू झालं. "उगाच तमाशा नको. बाजूला व्हा."

ती झाली नाही. जीप वीतभर पुढे सरकली.

शिक्केवाल्याची पाठ रस्त्याकडेच होती. आत्ताही तो तसाच बसून राहू शकला असता. पण आरशात बसून बघणं त्याला आता जमेना, आणि हे काही शौर्य नव्हतं; एकदा पाहिलेलं पुन्हा बघायची ताकदच नव्हती. तो बाहेर आला. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि जीपच्या तापलेल्या नाकावर हात ठेवून, आयुष्यात कधी ओरडला नव्हता तेवढ्या मोठ्याने ओरडला: "चाळीस छत्तीस! याच गाडीने मारलं! मी पाहिलंय!"

बुकबाइंडर दारात आला. आधी त्याने जीपकडे पाहिलं, मग आपल्याच दारावरच्या नोटिशीकडे. न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला आणि काचेवरचा आकडा वाचून जागीच थबकला. सायकलवाल्याने काही न विचारता हातातलं चाक जीपच्या मागच्या चाकाला आडवं घातलं. प्रत्येक दारावर तो नंबर होता. समजावून सांगायची गरज कुणालाच पडली नाही. खडीवाल्यांनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे, आणि इंजिन बंद केलं. उतरले मात्र नाहीत. काच वर करून बसून राहिले आणि चौकीतून माणसं येईपर्यंत शिक्केवाल्याकडे एकटक बघत राहिले.

जबाब लिहायला तोच हवालदार होता. "पाठ होती असं लिहून दिलंय तुम्ही."

"पाठ होती. समोर आरसा होता."

"मग तेरा महिने गप्प का बसलात?"

"भीतीने," शिक्केवाला म्हणाला. हवालदाराने ते लिहिलं की नाही, त्याने पाहिलं नाही. चौकीच्या बाकावर शिट्टीसाहेबांची बायको बसली होती. जाताना तो तिच्यासमोर थांबला. तिने मान वर केली.

"तेरा महिने, काका?" ती म्हणाली. तेवढंच. त्याला माफी मागायची होती, पण ती मागण्याचाही हक्क आपल्याला राहिलेला नाही असं त्याला वाटलं, आणि तो तसाच बाहेर पडला.

खडीवाल्यांना आत घेतलं होतं. पण त्यांचा वकील तासाभरात आला, त्यांचे दोन पुतणे आले, मुकादम आला. चौकीच्या फाटकाशी ती माणसं उभी होती, आणि शिक्केवाला त्यांच्यामधून बाहेर पडला तेव्हा कुणी त्याला अडवलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. मुकादम फक्त बाजूला सरला आणि म्हणाला, "या काका, जपून."

पाच वाजता तो चौकात जाऊन उभा राहिला. कोपऱ्यावर दगडी पाटी बसवलेली होती, रविवारपर्यंत कापडाने झाकलेली. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. मुलगी रोज पाच पस्तीसला इथे पोचायची. शिक्केवाल्याने येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीचा नंबर वाचला, जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा वाचला. त्याला उभ्या उभ्या देवाशी घासाघीस करावीशी वाटली, पण द्यायला काही उरलं नव्हतं. जे होतं ते सकाळीच देऊन बसला होता. सहाला पाच कमी असताना ती वळणावर दिसली. खांद्याला पिशवी, चालणं नेहमीचं.

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

"उशीर झाला?"

"गर्दी होती आज. काय झालं? रडताय का तुम्ही?"

"उद्यापासून मी येणार तुला आणायला. सकाळी सोडायला पण."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. काहीतरी झालंय आणि ते लहान नाही, हे तिला कळलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली, तिला दुकानांच्या बाजूला केलं, आणि आपण गाड्यांच्या बाजूने चालू लागला.